चॅनल चौदावरचे मेहुणे

म्हैसूर, ४ जानेवारी २००९

श्री. वासुदेवराव भावोजी यांस,

साष्टांग नमस्कार. डावा गुडघा धरल्यामुळे सध्या सप्तांगच होतो. आठवे अंग मनाने घातले आहे.

बातमी अशी की मी मोटारसायकल घेतली. जुनी काळी बुलेट, जवळजवळ माझ्याच वयाची. सकाळी आम्हा दोघांनाही सुरू व्हायला वेळ लागतो आणि दोघेही आधी खोकतो. बावन्नाव्या वर्षी पाठशाळेतून स्वेच्छेने निवृत्त झालेल्या संस्कृतच्या मास्तराने हे का करावे, असे तुंगेने विचारले. मी म्हटले, घरात बसवत नाही. ती म्हणाली, "मग अंगणात बसा." सत्तावीस वर्षांत माझ्या बायकोने मला एकदाही लांब उत्तर दिलेले नाही.

पण भावोजी, खरेच बसवत नाही. पुस्तक उघडतो, मिटतो. सकाळी उठून टी. नरसीपूरला जातो, कावेरी आणि कपिला अजून मिळतात याची खात्री करून घेतो आणि परत येतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. नद्यांनाही आता माझा कंटाळा आला असावा.

गेल्या महिन्यात हेब्बाळच्या कंपनीतले चौघे मोटारसायकलवाले चहाच्या गाड्यावर भेटले. त्यांच्या गाड्यांवर रेडिओ होते. गाणी ऐकायचे नव्हेत, बोलायचे. त्याला सीबी म्हणतात. परवाना लागत नाही, आणि पाच-सहा किलोमीटरवरच्या दुसऱ्या गाडीशी हेल्मेटमधल्या हेल्मेटमध्ये बोलता येते. रीत एकच: ज्याला बोलायचे त्याने बटण दाबायचे, आणि तो सोडेपर्यंत दुसऱ्याने ऐकायचे. त्याचे बटण दाबलेले असेपर्यंत त्याला दुसऱ्याचे अक्षरही ऐकू येत नाही. माझ्यासारख्या माणसासाठीच कुणी तरी हे यंत्र केले असावे.

मी दोन सेट घेतले. एक आज पार्सलने सांगलीला निघाला.

आता स्पष्ट लिहितो, कारण फोनवर तुम्ही "बरं, बरं" म्हणता आणि ठेवून देता. ताई जाऊन सहा वर्षे झाली. ती होती तेव्हा तुम्ही दर दिवाळीला म्हैसूरला येत होता. नंतर एकदाही नाही. पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमधून सुटी मिळत नाही म्हणायचात. आता निवृत्त झालात, तेही कारण गेले. मधली बाई गेल्यावर मी तुमचा कोण उरलो, हे मला नीट कळत नाही, आणि व्याकरण शिकवणाऱ्याला नाते न कळणे बरे नव्हे. तेव्हा मार्चमध्ये तुमची बुलेट घेऊन अरसीकेरेपर्यंत या. मी तिथे येतो. तिथून म्हैसूरपर्यंत दोघे बरोबर, बोलत बोलत. मग चार दिवस राहा. एक दिवस बैलकुप्प्याला जाऊ, तिथल्या तिबेटी भिक्षूंना तुम्ही आवडाल. तेही फार बोलत नाहीत.

सेट कसा बसवायचा ते तुम्हीच कळवा. तारांतले मला काही कळत नाही.

आपला,
हयग्रीव

---

सांगली, १५ जानेवारी २००९

प्रिय हयग्रीवराव,

नमस्कार. सेट पोचला. फुटला नाही. येईन.

वीज थेट बॅटरीवरून घ्या, हेडलाइटच्या तारेतून नको. मध्ये फ्यूज हवाच. अँटेना मागच्या कॅरियरवर, सीटच्या मागे, सरळ उभी. जिथे बसवाल तिथला रंग घासून खालचं लोखंड दिसलं पाहिजे. अँटेनाची जाड केबल लांब वाटली तरी कापू नका, गुंडाळून सीटखाली ठेवा. बोलायचं बटण डाव्या मुठीपाशी, अंगठ्याखाली.

अँटेना जोडल्याशिवाय बटण कधीही दाबू नका. सेट जळेल.

त्यानंतर एसडब्ल्यूआर मीटर कुणाकडून तरी आणा. सेटनं पाठवलेलं किती हवेत गेलं आणि किती माघारी आलं ते तो सांगतो. काटा दीडपाशी असला तर उत्तम, दोनपर्यंत चालेल. तीनच्या वर असेल तर तुम्ही बोललेलं तुमच्याच सेटात परत येतंय असं समजा आणि थांबा.

चॅनल चौदा ठरवू.

माझी अँटेना मी पुढच्या क्रॅशगार्डवर लावतोय.

वासुदेव

---

म्हैसूर, २७ जानेवारी २००९

भावोजी,

नमस्कार. तुमचे पत्र वाचताना वाटले, तुम्ही तारखात्यात होता की टेलिफोनच्या! शब्दाशब्दाला पैसे पडत असल्यासारखे लिहिता.

सेट बसला. त्याचे श्रेय श्रीनिवासरावांचे. त्यांचे वाडवडील इथे लुगडी रंगवायचे आणि छापायचे. हे स्वतः गाड्यांच्या वायरी जोडतात. "रंग बघून काम करायचं ते रक्तातच आहे, मेष्ट्रे," असे या मास्तराला म्हणतात. तांबडी, काळी, पिवळी सगळ्या तारा त्यांनी तासाभरात लावल्या. मी शेजारी उभा राहून तुमचे पत्र मोठ्याने वाचत होतो. दोनदा म्हणाले, "स्वल्प हळू वाचा, हे काय पुराण हाय?"

पण खरखर! भावोजी, काय ती खरखर! दुसरा सेट श्रीनिवासरावांनी हेब्बाळच्या मंडळींकडून मागून आणला, दुकानात लावला आणि मला नरसीपूर रस्त्याला पिटाळले. पहिल्या वळणापर्यंत त्यांचा आवाज आला. पुढे कढईत मोहरी तडतडावी तसे झाले. मीटरचा काटा साडेतीनवर. म्हणजे मी जे बोललो ते जवळजवळ सगळे माझ्याकडेच परत आले. पाठशाळेत तीस वर्षे हाच अनुभव होता, पण त्याला मीटर नव्हता.

आता एक शंका. मला सांगता अँटेना मागे कॅरियरवर, आणि स्वतःची लावता पुढे क्रॅशगार्डवर? श्रीनिवासराव म्हणतात, पुढे काटा नीट बसत नाही. तुमचा किती येतो? खरे सांगा. आपण दोघेही एकटेच जाणारे. मागच्या सीटवर कोण बसणार आहे, की तिथे अँटेनाची अडचण व्हावी?

आपला खरखरणारा,
हयग्रीव

---

सांगली, ५ फेब्रुवारी २००९

हयग्रीवराव,

काटा सव्वादोन येतो. चालेल.

तुमची अडचण साधी आहे. तुमचा अर्थ नीट लागलेला नाही. सगळी खरखर त्यामुळे. आधी अर्थ लावा, बाकी कशाला हात लावू नका. अर्थ लागला नाही तर कितीही जोरात बोललात तरी काही उपयोग नाही.

मागची सीट मोकळी हवी. कारण आहे. भेटीत सांगेन.

वासुदेव

---

म्हैसूर, १६ फेब्रुवारी २००९

भावोजी,

नमस्कार. तुमच्या मागच्या पत्राने मी दोन दिवस जेवलो नाही असे लिहिणार होतो, पण तुंगा हे पत्र टाकायला जाणार आहे आणि ती वाचते. तेव्हा जेवलो, पण रागाने.

"तुमचा अर्थ लागलेला नाही." "कितीही जोरात बोललात तरी काही उपयोग नाही." हे तुम्ही मला लिहावे? ज्याचा जन्म अर्थ लावण्यात गेला त्याला? मी चिडून तुमचे पंधरा जानेवारीचे पत्र काढले आणि त्याचा पदच्छेद केला. अन्वय लावला. "रंग घासून खालचं लोखंड दिसलं पाहिजे" यात काही गूढार्थ आहे काय, म्हणून पाहिले. "बोललेलं तुमच्याच सेटात परत येतंय असं समजा आणि थांबा" हे तर सरळ माझ्या स्वभावावर होते, याबद्दल माझी खात्री पटली. उत्तरादाखल चार पाने लिहिली. ती घेऊन श्रीनिवासरावांकडे गेलो, साक्षीदार म्हणून.

त्यांनी तुमचे पत्र वाचले. मग माझी चार पाने वाचली. मग पाना खाली ठेवून ते स्टुलावर बसले आणि इतके हसले की शेजारचा टायरवाला बघायला आला.

"मेष्ट्रे, हा तुमचा अर्थ न्हवे हो! अर्थु! अर्थु म्हणजे मण्णु, मण्णु!" असे म्हणत त्यांनी पायाने जमीन आपटून दाखवली. "अर्थिंग! भावोजी म्हणतात, तार मातीला जोडली नाय."

मी म्हटले, "चालत्या गाडीला माती कुठून आणायची?"

"गाडीची चेसिस, तेच तिचं मण्णु."

बघितले तर अँटेनाच्या पट्टीखाली रंग तसाच होता. तुमचे पत्र वाचण्यात मी इतका रमलो होतो की घासायचे राहिले. घासले, पट्टीपासून चेसिसपर्यंत जाड वेणीची तार टाकली. काटा दीडवर. उरलेली टिक-टिक इंजिनाबरोबर वाढायची. ती स्पार्क प्लगची निघाली, टोपी बदलल्यावर गेली. काल नरसीपूरच्या अर्ध्या वाटेवरून श्रीनिवासरावांशी बोललो. त्यांनी पहिले वाक्य काय टाकावे? "मेष्ट्रे, अर्थ लागला का?" हे आता माझ्या तेराव्यापर्यंत चालणार.

ती चार पाने फाडली.

मागच्या सीटविषयी मात्र तुम्हाला काही सांगायची गरज नाही. मी समजलो. ती ताईची जागा आहे. सहा वर्षे ती तशीच मोकळी ठेवली आहे तुम्ही, तिथे एक लोखंडी काठीसुद्धा नको वाटते. मी उगाच थट्टा केली. क्षमा करा. असा माणूस माझ्या बहिणीला मिळाला, एवढेच म्हणतो आणि विषय बंद करतो.

हयग्रीव

---

सांगली, २२ फेब्रुवारी २००९

(हे पत्र लिहिले, पण पेटीत टाकले नाही.)

प्रिय हयग्रीवराव,

सीट वरलक्ष्मीची नाही. ती कधी बसलीच नाही मागे. तिला मोटारसायकलची भीती वाटायची, मंडईलासुद्धा रिक्षानं जायची. तुमच्या लक्षात नसेल.

मिरजेच्या वाचनालयात कमलाक्षी म्हणून आहेत, ग्रंथपाल. यजमान जाऊन अकरा वर्षं झाली. मी तिथे वर्तमानपत्र वाचायला जातो. तेच वर्तमानपत्र सांगलीत घरी येतं. दोन वर्षं मी ते रोज दोनदा वाचलं. मग एकदा त्यांनी विचारलं, "दुसऱ्यांदा वाचताना काही बदलतं का?" तेव्हापासून बोलतो.

आम्ही लग्न करायचं ठरवलंय. सीट मोकळी हवी ती त्यांच्यासाठी.

मी म्हैसूरला सहा वर्षं आलो नाही. पहिली चार, तिच्याशिवाय त्या घरात शिरता येईना म्हणून. नंतरची दोन, तुमच्याकडे बघता येईना म्हणून. तुम्ही तिचे भाऊ. हे ऐकून तुम्ही मला दारातून परत पाठवणार नाही, तुमचा स्वभाव तसा नाही. तुम्ही चांगलं बोलाल, जेवायला वाढाल, आणि मग पत्र येणं बंद होईल. दोन महिन्यांनी एक येईल, मग दिवाळीला एक. तेवढंच नको आहे मला.

आणि आता तुम्ही लिहिता की ती ताईची जागा आहे.

---

सांगली, २४ फेब्रुवारी २००९

हयग्रीवराव,

काटा दीडवर आला हे उत्तम. केबलला सीटखाली पीळ पडू देऊ नका.

शुक्रवारी, १३ मार्चला निघून हुबळीला मुक्काम करीन. शनिवारी १४ ला दुपारी बारापर्यंत अरसीकेरे. रेल्वे स्टेशनसमोर थांबा. सेट चालू ठेवा, चॅनल चौदा. मीच हाक मारीन.

वासुदेव

---

म्हैसूर, २३ मार्च २००९

भावोजी,

नमस्कार. सुखरूप पोचल्याचा फोन आला. तुंगेने घेतला, "बरं बरं" म्हणाली आणि ठेवला. तुम्हा दोघांना एकाच एक्स्चेंजमध्ये नोकरी द्यायला हवी होती.

चार दिवसांसाठी आलात आणि दुसऱ्या दिवशी जेवून निघालात. बैलकुप्पे राहिले. "घरी काम आहे" म्हणालात. निवृत्त, एकट्या माणसाला काय काम असते हे मी विचारले नाही. ताईच्या फोटोसमोर तुम्ही बराच वेळ उभे राहिलात, तेही मी पाहिले नाही असे समजा. तुमचा चेहरा अरसीकेरेला वेगळा होता आणि चन्नरायपट्टणला कॉफी प्यायला थांबलो तेव्हा वेगळा. मी म्हटले, "सेट मेला वाटतं, तासभर बोंबलतोय, तुमचं काही येत नाही." तुम्ही म्हणालात, "असेल." सेटचा एवढा अपमान एका तज्ज्ञाने करावा? मी चिडून तो बंदच केला आणि म्हैसूरपर्यंत आपण मुक्याने आलो. ज्यासाठी एवढा खटाटोप केला ते बोलणे झालेच नाही.

काल सेट श्रीनिवासरावांकडे नेला. अँटेना ठीक, बॅटरी ठीक, अर्थ लागलेला. मग त्यांनी डाव्या मुठीवरचे बटण पाहिले. निघायच्या आदल्या दिवशी मी, ते अंगठ्याखाली घसरू नये म्हणून, सायकलच्या ट्यूबची एक चकती कापून मुठीवर चढवली होती. स्वतःच्या डोक्याने. ती चकती उन्हाने आवळली आणि बटणावर बसली. एकदा दाबलेले बटण वर आलेच नाही.

"म्हणजे तुम्हाला त्यांचं ऐकू यायचं न्हवतंच," श्रीनिवासराव म्हणाले. मी म्हटले, बरे झाले, दोष सापडला. मग ते डोके खाजवत म्हणाले, "पण मेष्ट्रे, बटण दाबलेलं म्हणजे... तुम्ही बोलत होता की न्हवे? गाडीवर?"

मी म्हटले, थोडेफार. सुम्ने, उगीचच.

आल्यापासून मी एका जागी बसलो नाही. नरसीपूरला दोनदा जाऊन आलो, एकदा सकाळी, एकदा दुपारच्या उन्हात. म्हणून विचारतो, केवळ तांत्रिक कुतूहलाने: अरसीकेरे ते चन्नरायपट्टण, तुमच्या सेटवर काही ऐकू आले काय?

हयग्रीव

---

सांगली, ३१ मार्च २००९

प्रिय हयग्रीवराव,

सगळं.

आता मला लांब लिहावं लागणार.

अरसीकेरे सोडल्यावर दहा मिनिटांत तुम्ही "ऐकू येतंय का" विचारलंत. मी "येतंय" म्हटलं. ते तुमच्यापर्यंत पोचलं नाही. मग तुम्ही मला हाका मारल्यात, सेटला शिव्या दिल्यात, सेट बनवणाऱ्यांना दिल्यात. काही संस्कृतमध्ये असाव्यात, यमक होतं. मग भू-धातू दहाही लकारांत चालवलात. एका म्हशीला "देवी, मार्ग द्या" म्हणालात. मी हॉर्न दिला, पुढे येऊन हात केला. तुम्हाला वाटलं मी खुशीत आहे. तुम्हीही हात केलात. मी तुम्हाला थांबवणारच होतो.

तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "ताई."

मी गाडी पुन्हा मागे घेतली. थांबवायला हवं होतं. दुसऱ्याचं बोलणं ऐकू नये हे मी एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं पाळलं. त्या दिवशी नाही पाळलं.

तुम्ही काय म्हणालात ते लिहितो, म्हणजे मी काही वाढवलं नाही हे कळेल. तुम्ही म्हणालात: "ताई, भावोजी मागून येतायत. एकटेच. मीच तसं केलं. तू त्या सीटवर कधी बसली नाहीस, मला काय माहीत नाही? मिरजेच्या मावशीनं डिसेंबरातच कार्ड टाकलं होतं. वाचनालयातली बाई आहे, चांगली आहे, लग्न ठरतंय म्हणून. ते कार्ड मी पंचांगात घालून ठेवलं, तुंगेलासुद्धा दाखवलं नाही, आणि हे रेडिओ आणले. आणि मग लिहिलं, ती ताईची जागा आहे. मुद्दाम लिहिलं. म्हणजे त्यांना लाज वाटावी. ताई, मी तुझं नाव घेऊन त्यांना बांधून घातलं."

मला वाटलं संपलं. मग तुम्ही म्हणालात, "माणूस तिकडचा होतो गं. दिवाळीला तिच्या भावाकडे जाईल. मग मी कोण? पहिल्या बायकोचा भाऊ. असल्या नात्याला कोशात शब्दच नाही."

मी उत्तर देत होतो. बटण दाबून दोनदा बोललो. तुमच्याकडे काही जात नाही हे माहीत असून.

चन्नरायपट्टणला कॉफी पिताना सांगता आलं असतं. नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी निघालो ते तुमच्यावर रागावून नाही. तुमच्यासमोर बसून माहीत नसल्यासारखं वागणं मला जमेना.

मी तुम्हाला २२ फेब्रुवारीला एक पत्र लिहिलं होतं. ते सोबत जोडलंय. म्हणजे लपवणारे तुम्ही एकटे नव्हता.

आता पुढचं. १५ मेला सकाळी अकरा वाजता इथे नोंदणी कार्यालयात लग्न आहे. तीन साक्षीदार लागतात. एक माझा एक्स्चेंजमधला मित्र, संताजीराव, आणि एक कमलाक्षींच्या वाचनालयातल्या बाई. तिसरी ओळ रिकामी आहे. कमलाक्षींना तीन भाऊ आहेत. तिघांनीही, या वयात शोभत नाही, येणार नाही म्हणून कळवलंय. ते कळलं त्या दिवशी वाचनालय अर्धा तास उशिरा उघडलं.

मी तुम्हाला या म्हणत नाही. ते मागण्याचा मला अधिकार आहे की नाही हेच मला कळत नाही. तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिलं.

वासुदेव

---

सांगली, २० एप्रिल २००९ (पोस्टकार्ड)

हयग्रीवराव, ३१ चं पत्र पोचलं असावं. तिसरं नाव ३० पर्यंत द्यायचं आहे. न दिल्यास इथलाच कुणी तरी बघतो. तब्येतीला जपा. वासुदेव.

---

म्हैसूर, २३ एप्रिल २००९

भावोजी,

नमस्कार.

पत्र सहा तारखेलाच पोचले. सतरा दिवसांत मी पाच उत्तरे लिहिली. पहिल्यात तुमच्यावर रागावलो होतो, चोरून ऐकलेत म्हणून. दुसऱ्यात श्रीनिवासरावांवर, बटण आधी तपासले नाही म्हणून. तिसरे उत्तर इतके विनोदी होते की त्यात मी काय केले ते कुठेच आले नाही. चौथे संस्कृतप्रचुर होते. त्यात मी काय केले ते आले होते, पण कुणाला कळले नसते. पाचवे बरे होते, पण ते फक्त क्षमा मागत होते आणि तुमच्या तिसऱ्या ओळीबद्दल गप्प होते.

तेव्हा आधी साध्या मराठीत. मी कपट केले. मिरजेच्या मावशींचे कार्ड लपवले आणि मेलेल्या बहिणीचे नाव पुढे केले. जिवंत असती तर तिने मला चांगले फैलावर घेतले असते. आणि तुमचे न टाकलेले पत्र वाचून मला जे वाटले ते लिहिता येत नाही. तुम्हाला भीती माझी पत्रे बंद होण्याची आणि मला भीती तुमची! इतके महिने आपण दोघे बटण दाबून बसलो होतो.

काल दोन्ही पत्रे तुंगेला वाचायला दिली. कार्डही पंचांगातून काढून दिले. ती वाचत होती तेवढ्या वेळात मी अंगणात सोळा येरझाऱ्या घातल्या. बाहेर आली. मला वाटले आता बोलेल, सत्तावीस वर्षांचे एकदम बोलेल. म्हणाली, "तिला भाऊ नाहीतच म्हणायचे."

मी म्हटले, "आहेत. तीन. येत नाहीत."

"मग तुम्ही व्हा." आणि आत गेली. भात लागत होता.

मी तिथेच पायरीवर बसलो. भावोजी, जानेवारीपासून पहिल्यांदा बसलो. कारण मला आमच्या घरची एक रीत आठवली, जी मला आधीच आठवायला हवी होती. माझ्या आजोबांची बहीण बाळंतपणात गेली. तिच्या यजमानांनी दुसरे लग्न केले. ती दुसरी बाई पहिल्या सणाला आमच्याकडे आली, माहेरपणाला म्हणून. माझ्या पणजीने तिची ओटी भरली आणि "आलीस का गं" म्हणून आत घेतली. पुढे चाळीस वर्षे ती आमच्याकडेच माहेरी येत होती. लहानपणी मला ती आजोबांची सख्खी बहीणच वाटायची. कुणी मला वेगळे सांगितले नाही, कारण वेगळे काही नव्हतेच. जिच्या जागी येते, तिचे माहेर ते तिचे माहेर.

मी कोशात शब्द शोधत होतो, आणि शब्द घरात होता. कमलाक्षी जर माझी बहीण, तर तिच्या नवऱ्याचा मी कोण? हिशेब पाचवीतल्या पोरालाही सुटेल. निवृत्त मास्तराला चार महिने लागले.

त्यांना माझा नमस्कार सांगा. वयाने लहान असतील तर आशीर्वाद. हयग्रीव म्हणून एक जास्त बोलणारा भाऊ आहे, आधीच्या तिघांचा अनुभव पाहता विचार करून होकार द्यावा, असेही सांगा. त्यांनी होकार दिला तरच खालचा मजकूर त्या कागदावर लिहा. मी आणि तुंगा १३ मेला रेल्वेने निघतो. लुगडे घेऊन येतोय, ते श्रीनिवासरावांच्या गौराबाईंनी निवडले आहे, रंगाचा प्रश्न आहे म्हणून.

साक्षीदार क्रमांक तीन. नाव: हयग्रीव नरसिंहमूर्ती. वय: बावन्न. व्यवसाय: निवृत्त शिक्षक. राहणार म्हैसूर. वधूशी नाते: भाऊ. वराशी नाते: मेहुणा.

लेखनिक विचारील, मेहुणा कुणाकडून? पहिलीकडून की हिच्याकडून?

त्याला सांगा, दोघींकडून.

हयग्रीव